कलनाच्या पेपरचे नियम कशासाठी असतात

पावसाळ्याच्या तोंडावर विदर्भातील तालुक्याच्या महाविद्यालयांत बी.एस्सी. पहिल्या वर्षाचे वर्ग भरू लागतात आणि गणित घेतलेल्या मुलामुलींच्या हातात सुरुवातीच्या आठवड्यातच कलनाच्या, म्हणजे ज्याला सगळे कॅल्क्युलस म्हणतात त्या पेपरचे एक पत्रक पडते. त्यात क्रेडिटची संख्या, अंतर्गत आणि लेखी परीक्षेतील गुणांची विभागणी, हजेरीची अट, असाइनमेंटच्या तारखा असा मजकूर असतो. तो बहुधा इंग्रजीत असतो आणि बहुतेक जण तो न वाचता वहीत घडी करून ठेवतात. घरातून महाविद्यालयात जाणारी ही पहिलीच पिढी असेल, तर त्या पत्रकाचा अर्थ विचारावा असे माणूसही घरी नसते. मी हा विषय शिकवतो, आणि कलनात नापास झालेल्या विद्यार्थ्यांशी बोलताना मला अनेकदा असे आढळले आहे की त्यांना विषय समजण्याइतकी बुद्धी आणि तयारी पुरेशी होती, परंतु पेपर त्यांच्याकडून नेमके काय मागतो हे त्यांना सत्र संपत आल्यावर कळले. पत्रकातील जवळजवळ प्रत्येक नियम कलन ज्या पद्धतीने शिकावे लागते त्यातून आलेला आहे. तो कसा आला हे समजले, तर नियम पाळणेही सोपे जाते आणि जिथे नियम अन्याय करतो तिथे वेळेवर अर्ज करणेही सुचते.

क्रेडिट म्हणजे वेळेचा हिशेब

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीचा अभ्यासक्रम क्रेडिटमध्ये, म्हणजे श्रेयांकांत मोजला जातो. लेखी विषयाचे १ क्रेडिट म्हणजे सत्रभरात १५ तासांचे अध्यापन, आणि प्रात्यक्षिकाचे १ क्रेडिट म्हणजे ३० तास. कलनाचा पेपर ४ क्रेडिटचा असेल तर १५ आठवड्यांच्या सत्रात ६० तास, म्हणजे आठवड्याला ४ तासिका होतात. काही ठिकाणी हा पेपर २ क्रेडिटचा असतो, तिथे सर्व आकडे निम्मे करावेत. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात मात्र १ क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे एकूण ३० तासांचे शिकणे धरले आहे. म्हणजे ४ क्रेडिटसाठी १२० तास. त्यातले ६० वर्गात गेले तर उरलेले ६० विद्यार्थ्याने स्वतः द्यावेत अशी अपेक्षा आहे, आणि ती आठवड्याला ४ तास इतकी येते. माझ्या अनुभवाने कलनासाठी हे ४ तास कमीत कमी आहेत. दिवसातले तीन तास एस.टी.च्या प्रवासात घालवणाऱ्या मुलाने हे चार तास आठवड्याच्या वेळापत्रकात आधीच राखून ठेवले नाहीत, तर ते आपोआप मिळत नाहीत.

क्रेडिटचा दुसरा परिणाम निकालावर होतो. दहा अंकी श्रेणी पद्धतीत प्रत्येक विषयाच्या श्रेणीला अंक असतो: सर्वोच्च ‘ओ’ श्रेणीला १०, ‘ए प्लस’ला ९, ‘ए’ला ८, आणि असे उतरत काठावर उत्तीर्ण होणाऱ्या ‘पी’ला ४. हा अंक त्या विषयाच्या क्रेडिटने गुणतात, सर्व गुणाकारांची बेरीज करतात आणि तिला एकूण क्रेडिटने भागतात. समजा सत्र २० क्रेडिटचे आहे आणि कलन सोडून उरलेल्या १६ क्रेडिटमध्ये सगळीकडे ७ अंक मिळाले. कलनात ८ मिळाले तर सत्राची सरासरी ७.२ येते, ४ मिळाले तर ६.४. हीच घसरण २ क्रेडिटच्या एखाद्या विषयात झाली असती तर सरासरी ०.४ नेच उतरली असती. कोणत्या विषयाला किती वेळ द्यावा हे ठरवताना हा हिशेब समोर असावा.

हजेरी

बहुतेक विद्यापीठांच्या नियमांत ७५ टक्के हजेरीची अट असते. ६० तासिकांपैकी ४५ झाल्या पाहिजेत, म्हणजे १५ चुकल्या तरी चालते. पंधरा हा आकडा जूनमध्ये मोठा वाटतो. सप्टेंबरच्या शेवटापासून सोयाबीनची सोंगणी सुरू होते, मजूर मिळत नाहीत, आणि घरचा मुलगा किंवा मुलगी दोन आठवडे शेतात राहते. तिथे ८ तासिका जातात. पावसात नाल्याला पूर येऊन गाडी बंद राहिली, एखादे लग्न किंवा तेरवी आली, स्वतःला ताप आला, की उरलेल्या ७ संपतात. त्यानंतर कापूस वेचायला येतो, आणि तोपर्यंत हाताशी एकही तासिका शिल्लक नसते.

नियमाच्या बाजूने सांगण्यासारखे असे आहे की कलनातील गैरहजेरी इतर विषयांतील गैरहजेरीसारखी भरून निघत नाही. एखाद्या विषयाचे दोन धडे चुकले तर तिसरा धडा वाचता येतो. कलनात सीमा (लिमिट) समजली नाही तर सातत्य समजत नाही, सातत्याशिवाय अवकलनाची, म्हणजे बदलाचा दर काढण्याच्या रीतीची, व्याख्या पोकळ राहते, आणि अवकलन हाताला बसले नसेल तर समाकलन, म्हणजे बारीक भागांची बेरीज करण्याची रीत, ही केवळ सूत्रांची यादी होते. ज्या दोन आठवड्यांत मुलगा शेतात होता, त्याच दोन आठवड्यांत वर्गात अवकलनाचा साखळी नियम (एका फलनाच्या आत दुसरे फलन असताना अवकलन कसे करावे तो) झालेला असतो, आणि त्याची उणीव त्याला पुढे दीड महिन्याने, सब्स्टिट्यूशनने समाकलन करताना जाणवते. तेव्हा मूळ कारण कुठे आहे हे त्याच्या लक्षातही येत नाही. आपल्याला समाकलन जमत नाही असेच तो समजतो.

तरीही माझे मत स्पष्ट आहे की हंगामाचे शेतीकाम हे अनुपस्थितीचे मान्य कारण असावे. आजारपण, राष्ट्रीय सेवा योजना, एन.सी.सी., विद्यापीठाच्या क्रीडास्पर्धा यांसाठी सवलतीची तरतूद सहसा असते. शेतीसाठी ती सहसा नसते, आणि ज्या भागातील निम्म्याहून अधिक वर्ग शेतकऱ्यांच्या घरून येतो तिथे ही उणीव खटकते. एका वर्षी माझ्या वर्गातील एका अत्यंत होतकरू विद्यार्थ्याची हजेरी ४३ तासिकांवर थांबली. वडील आजारी असल्याने सोंगणी त्यानेच केली होती. त्याने वडिलांच्या आजाराचे कागद त्याच आठवड्यात आणून दिले असते तर अर्ज सहज मंजूर झाला असता. त्याने ते परीक्षेचा फॉर्म भरताना आणले, आणि तोपर्यंत हजेरीची यादी पाठवली गेली होती. म्हणून कारण कोणतेही असो, अर्ज लेखी द्यावा, घटनेच्या आठवड्यातच द्यावा, आणि त्याची पोच घेऊन ठेवावी. भामरागडसारख्या ठिकाणी पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेले की गावाचा संपर्कच तुटतो. अशा वेळी पाणी ओसरल्यावर पहिल्या दिवशी तारखा लिहून दिलेला साधा अर्जसुद्धा पुढे उपयोगी पडतो.

ही अट एकतर्फीही नाही. ६० तासिका शिकवल्या जाणे हा विद्यार्थ्याचा हक्क आहे. पुष्कळ ग्रामीण महाविद्यालयांत गणिताला नियमित प्राध्यापक नसतात आणि तासिका तत्त्वावरील शिक्षक सत्र बरेच पुढे गेल्यावर येतात. अशा वेळी वर्गाने मिळून प्राचार्यांना लेखी निवेदन देणे आणि जादा तासिका मागणे यात उद्धटपणा काही नाही.

असाइनमेंट आणि अंतर्गत गुण

गुणांचा काही भाग अंतर्गत मूल्यमापनाला आणि मोठा भाग सत्रान्त लेखी परीक्षेला असतो. विभागणी विद्यापीठानुसार आणि पेपरनुसार बदलते: कुठे २० आणि ८०, कुठे ३० आणि ७०, कुठे ४० आणि ६०. पत्रकात आणखी एक ओळ शोधावी लागते आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते: उत्तीर्ण होण्यासाठी दोन्ही भागांत स्वतंत्रपणे किमान गुण लागतात की दोन्हींची बेरीज पुरते. स्वतंत्र लागत असतील तर लेखी परीक्षेत भरघोस गुण मिळवूनही एक चाचणी न दिल्याने पेपर राहू शकतो.

असाइनमेंट दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला मागतात त्याचे कारण वर आलेच आहे. साखळी नियमातील चूक चौथ्या आठवड्यात लाल शाईने दाखवली गेली तर ती तिथेच संपते. उशिरा दिलेल्या असाइनमेंटचे गुण कापले जातात किंवा ती घेतलीच जात नाही, कारण उत्तरे वर्गात सोडवून दाखवल्यानंतर ती लिहून आणण्याला शिकणे म्हणता येत नाही.

एकमेकांना विचारून सोडवणे आणि एकमेकांचे उतरवणे यांतील सीमारेषा पत्रकात नेहमीच नीट लिहिलेली नसते, म्हणून मी ती वर्गात अशी सांगतो: बसमध्ये, वसतिगृहात, झाडाखाली बसून उदाहरणावर हवी तितकी चर्चा करावी, मात्र लिहिताना समोर दुसऱ्याची वही नसावी. मोबाइलने प्रश्नाचे छायाचित्र काढले की पायऱ्यांसह उत्तर देणारी साधने आता सर्वांच्या हातात आहेत. स्वतः सोडवून झाल्यावर ताळा पाहण्यासाठी ती उत्तम आहेत, आणि ज्या गावात शिकवणी वर्ग नाही तिथे तर त्यांचा मोठा आधार आहे. पण उतरवलेल्या असाइनमेंटचे पाच गुण मिळवून सत्रान्त परीक्षेतील पंचवीस गुणांची तयारी गमावणे हा तोट्याचा व्यवहार आहे. ज्या असाइनमेंटबद्दल शंका येते ती मी फळ्यावर सोडवून दाखवायला सांगतो, आणि असा अधिकार शिक्षकाला असतो हे विद्यार्थ्यांना आधीच माहीत असावे.

उत्तर बरोबर, मग गुण का कापले?

हा प्रश्न मला दरवर्षी विचारला जातो. “सर, उत्तर तं बरोबर आलं, मंग मार्क काऊन कापले?” विचारणारा खरोखर दुखावलेला असतो, आणि त्याला नीट उत्तर मिळाले पाहिजे.

बारावीनंतरच्या सी.ई.टी.मध्ये गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटेही मिळत नाहीत. दोन वर्षे मुलांच्या हाताला सवय लागते ती चार पर्यायांतून उत्तर हेरण्याची. विद्यापीठाचा पेपर तपासणारा मात्र उत्तरापर्यंतची वाट तपासतो. कलनात जवळ जाणारे पण चुकीचे उत्तर फार सहज मिळते, आणि वाट पाहिल्याशिवाय ते ओळखू येत नाही.

आपल्याकडच्या शेततळ्याचे उदाहरण घेऊ. तोंडाशी ३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल, आणि चारही बाजूंना एकास एक उतार. म्हणजे प्रत्येक बाजूने ३ मीटर आत सरून तळ २४ बाय २४ मीटरचा होतो. या तळ्यात किती पाणी मावेल? पुष्कळ जण वरचे क्षेत्रफळ ९०० आणि तळाचे ५७६ चौरस मीटर यांची सरासरी ७३८ काढतात, तिला खोलीने गुणतात आणि २२१४ घनमीटर लिहितात. ते चूक आहे. उतार सरळ असल्याने बाजूची लांबी समान गतीने वाढते, पण क्षेत्रफळ हे बाजूचा वर्ग असल्याने ते समान गतीने वाढत नाही.

कलनाची रीत अशी: तळापासून ‘उ’ मीटर उंचीवर तळ्याची बाजू २४ + २उ मीटर असते, म्हणून त्या उंचीवरील पाण्याच्या पातळ थराचे क्षेत्रफळ (२४ + २उ) चा वर्ग. असे सर्व थर उ = ० पासून उ = ३ पर्यंत मिळवायचे, म्हणजेच या वर्गाचे समाकलन करायचे. ते (२४ + २उ) चा घन भागिले ६ असे येते. वरच्या टोकाला २७००० भागिले ६ म्हणजे ४५००, तळाला १३८२४ भागिले ६ म्हणजे २३०४, आणि वजाबाकी २१९६ घनमीटर. सरासरीच्या रीतीने १८ घनमीटर, म्हणजे १८ हजार लिटर पाणी जास्त दाखवले होते. १० हजार लिटरच्या टँकरने मोजले तर जवळजवळ दोन टँकर, आणि ते तळ्यात कधी मावणारच नव्हते.

अशा प्रश्नाला ६ गुण असतील तर मी ते असे देतो: बाजूची लांबी उंचीच्या रूपात मांडल्याबद्दल २, समाकल योग्य सीमांसह लिहिल्याबद्दल १, ते सोडवल्याबद्दल २, आणि उत्तर एककासह लिहिल्याबद्दल १. ज्याने सर्व मांडणी बरोबर करून शेवटची वजाबाकी चुकवली त्याला ४ किंवा ५ गुण मिळतात. ज्याने कुठूनतरी आठवून नुसते २१९६ लिहिले त्याला १ मिळतो. दोन्ही निकाल मला न्याय्य वाटतात.

याच उदाहरणात साखळी नियमाची ती जुनी चूक पुन्हा भेटते. कंसातील २ मुळे भाजक ३ ऐवजी ६ येतो हे जो विसरतो, त्याचे उत्तर ४३९२ घनमीटर येते. पण तळे सरळ भिंतींचे, ३० बाय ३० बाय ३ असे खणले असते तरी त्यात २७०० घनमीटरच पाणी मावले असते. उताराच्या तळ्यात त्याहून जास्त कसे मावेल? उत्तर लिहिल्यावर ते शक्य आहे का हे पाहणे ही या पेपरची न लिहिलेली अपेक्षा आहे, आणि शेतात वाढलेल्या मुलामुलींची त्यात खरी ताकद आहे, कारण तळे, ढोली, बांध यांच्या आकाराचा अंदाज त्यांच्या नजरेत असतो.

सिद्धांताच्या प्रश्नांतही हेच घडते. सरासरी मूल्याचा सिद्धांत समजायला सोपा आहे: एस.टी.ने ६० किलोमीटर अंतर २ तासांत कापले, तर वाटेत कोणत्या तरी क्षणी तिच्या वेगाचा काटा नेमका ३० वर होताच. विद्यार्थी सूत्र बरोबर लिहितात आणि त्याआधीच्या दोन अटी, म्हणजे फलन बंद अंतरालावर सतत असणे आणि खुल्या अंतरालावर अवकलनीय असणे, सोडून देतात. अटी सोडल्या की सिद्धांत खोटा ठरतो. क्ष चे केवल मूल्य हे फलन घ्या: उणे १ आणि १ या दोन्ही ठिकाणी त्याची किंमत १ आहे, त्यामुळे मध्ये कुठेतरी त्याचा उतार शून्य असायला हवा, पण ० पाशी त्याला टोक आहे, तिथे ते अवकलनीय नाही, आणि उतार शून्य कुठेच होत नाही. अटींना वेगळे गुण असतात ते यासाठी.

परीक्षा आणि त्यानंतर

परीक्षागृहाचे नियम थोडक्यात सांगता येतील. हॉल तिकीट आणि ओळखपत्र लागते, मोबाइल बाहेर ठेवावा लागतो, आणि गणकयंत्र चालते की नाही, चालत असल्यास कोणते, हे प्रत्येक पेपरसाठी वेगळे असते. गैरप्रकारांसाठी महाराष्ट्रात १९८२ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यामुळे हा विषय महाविद्यालयाच्या शिस्तीपुरता राहत नाही.

भाषेचा प्रश्न मात्र थोडक्यात संपणारा नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून आलेल्या मुलाला ‘व्याख्या लिहा’ आणि ‘सिद्ध करा’ यांचे इंग्रजी आदेश ओळखताच येत नाहीत असे मी पाहिले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये विद्यापीठांना असे सुचवले की अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरे लिहू द्यावीत. आपल्या विद्यापीठात या पेपरला ती मुभा आहे का, हे पहिल्याच महिन्यात विचारून घ्यावे. असेल तर मराठीत उत्तर लिहिण्यात कमीपणा मुळीच नाही.

दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी लेखनिकाची आणि वाढीव वेळेची सोय आहे. केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखनिक घेणाऱ्याला दर तासाला किमान २० मिनिटे जादा मिळतात, म्हणजे ३ तासांच्या पेपरला पूर्ण १ तास. कलनात लेखनिकाला चिन्हे ओळखता आली पाहिजेत, म्हणून त्याची निवड आणि थोडा सराव परीक्षेच्या बराच आधी व्हावा.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार निकाल परीक्षेनंतर ३० दिवसांत लावण्याचा प्रयत्न आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत तो लावणे अपेक्षित आहे. हिवाळी परीक्षेत पेपर राहिला तर एटीकेटीच्या नियमांनुसार पुढच्या वर्गात जाता येते, पण किती क्रेडिट राहिलेले चालतात याची मर्यादा असते आणि ती पत्रकात किंवा अध्यादेशात पाहावी लागते.

गुणांबद्दल शंका असल्यास उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवता येते आणि पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज करता येतो. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये माहितीच्या अधिकाराखाली मान्य केला आहे. या अर्जांची मुदत थोड्या दिवसांची असते आणि ती निकालाच्या तारखेपासून मोजली जाते, त्यामुळे निकालाच्या सुमारास गावाकडे असलेल्या विद्यार्थ्याने महाविद्यालयातील एखाद्या मित्राला सूचनाफलकावर लक्ष ठेवायला सांगावे. प्रत हातात आली की ती घेऊन सरळ पुनर्मूल्यांकनाचे शुल्क भरायला न जाता आधी विषयशिक्षकाकडे यावे. प्रत्येक पायरीला किती गुण मिळाले, बेरीज बरोबर आहे का, एखादे पान तपासायचे राहून गेले आहे का, हे शेजारी बसून पाहायला अर्धा तास पुरतो, आणि अर्ज करावा की उन्हाळी परीक्षेची तयारी सुरू करावी हे त्या अर्ध्या तासात बहुतेक वेळा ठरते.